रिपोर्टातला ३.८: गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग आणि ट्यूमर मार्कर

गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग पहिल्या टप्प्यात सापडला की डॉक्टर तपासण्यांचा एक गठ्ठाच लिहून देतात. त्यातली एक साधी रक्ताची असते, एस.सी.सी. अँटिजेन. हा ट्यूमर मार्कर, म्हणजे या कर्करोगात रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन. रिपोर्ट दोन ओळींचा येतो. त्या दोन ओळींनी माझी झोप जितकी उडवली तितकी ऑपरेशननंही उडवली नाही. इंटरनेटवर शोधलं की त्या आकड्यावरून बाई किती जगेल याची गणितं समोर यायची. तो रिपोर्ट हातात घेऊन पुढे नेमकं करायचं काय, हे मराठीत सांगणारं मात्र कुणी सापडत नव्हतं. माझ्या ऑपरेशनला आता वर्ष उलटून गेलंय. आज ज्या बायकांच्या हातात असा रिपोर्ट आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी जे झालं ते तसंच लिहितेय. मी डॉक्टर नाही. नाशिकला पंचवटीतल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, राहते सिडकोत.

मी तेव्हा ४६ वर्षांची. जून २०२४ मध्ये दोन पाळ्यांच्या मधे डाग दिसायला लागले, संबंधानंतरही रक्त गेलं. पाळी जायचं वय आलं की असं होतं, असं शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या. माझी नणंद दिंडोरी तालुक्यात आरोग्य केंद्रावर नर्स आहे. ती आषाढात जेवायला आली तेव्हा तिच्या कानावर घातलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला. “वहिनी, संबंधानंतर रक्त जाणं कुठल्याच वयात नॉर्मल नसतं. याच आठवड्यात पिशवीचं तोंड तपासून घ्या. मी येते सोबत.” तिच्या केंद्रावर ३० ते ६५ वयाच्या बायकांची व्हिनेगर लावून करायची तपासणी फुकट होते. बायका लाजतात, पुढच्या महिन्यात येते म्हणतात आणि येत नाहीत, हे ती दरवर्षी बघते. धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये हजारो बायकांवर झालेला अभ्यासही तिनंच मला सांगितला. आयुष्यात एकदा केलेल्या एच.पी.व्ही. म्हणजे या कर्करोगामागच्या विषाणूच्या तपासणीनंसुद्धा या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असं त्यात २००९ साली दिसून आलं होतं.

कॉलेज रोडच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी पॅप स्मिअर घेतला, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशींचा नमुना. नऊशे रुपये, दोन मिनिटांचं काम. आठवड्यानं रिपोर्ट आला, एच.एस.आय.एल. म्हणजे पेशींमध्ये मोठे बदल आहेत, पण कर्करोग आहे की नाही हे तेवढ्यावरून ठरत नाही. मग कॉल्पोस्कोपी. व्हिनेगरसारखं औषध लावून दुर्बिणीतून बघतात, पांढरा पडलेला भाग दिसला की तिथला तुकडा घेतात. चिमटा बसल्यासारखं दुखलं आणि दोन दिवस थोडं रक्त गेलं. सोबत पॅड न्या आणि त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नका. कॉल्पोस्कोपी आणि बायॉप्सी मिळून साताठ हजार गेले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बायॉप्सी आली. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदाकाठचे रस्ते बंद, सगळी गर्दी द्वारका चौकात तुंबलेली. मी रिक्षात बसून मोबाइलवर रिपोर्ट उघडला. ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मॉडरेटली डिफरन्शिएटेड’. कार्सिनोमा म्हणजे कर्करोग, हे कळायला डॉक्टरची गरज नव्हती. हातपाय गार पडले. मिस्टरांना फोन लावला तर अंबडच्या वर्कशॉपमध्ये मशिनच्या आवाजात त्यांना ऐकूच येईना. शेवटी मेसेज टाकला, “घरी या.”

या रिपोर्टातला ‘स्क्वॅमस’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. या जागेचे कर्करोग मुख्यतः दोन जातींचे असतात. बहुतेक स्क्वॅमस असतात, थोडे अडेनो. एस.सी.सी. अँटिजेन हा मार्कर स्क्वॅमस जातीसाठी उपयोगी पडतो. अडेनो असेल तर डॉक्टर सी.ए. १२५ सारखा दुसरा मार्कर बघतात. माझ्याबरोबर बाकावर बसलेल्या निफाडच्या एका ताईंना अडेनो होता. त्यांचा एस.सी.सी. अगदी नॉर्मल आला आणि घरचे खूश झाले. डॉक्टरांना त्यांना पुन्हा बसवून समजवावं लागलं की या जातीत त्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

स्त्रियांच्या कर्करोगाची ऑपरेशनं करणारे डॉक्टर आमच्या मॅडमनीच सुचवले. रुग्णालय महात्मा फुले योजनेत होतं, तेही मिस्टरांनी आधी विचारून घेतलं. सरांनी आतून तपासलं, मग एम.आर.आय. आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. एम.आर.आय.च्या आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट लागतो, कारण शिरेतून औषध सोडतात. तो नव्हता म्हणून माझ्या आधीच्या बाईंना परत पाठवलं. तो जवळ ठेवाच. आठ हजारांच्या आसपास खर्च. मशिनमध्ये अर्ध्या तासाहून जास्त वेळ हलायचं नसतं. आवाज फार मोठा असतो, कापूस मागून घ्या. गाठ २.३ सेंटिमीटर, आजूबाजूला पसरलेली नाही, लिम्फ नोड म्हणजे लसिकाग्रंथी फुगलेल्या नाहीत. टप्पा ‘एक बी दोन’, म्हणजे गाठ तोंडापुरतीच, दोन ते चार सेंटिमीटरच्या मधली. सर म्हणाले, “लवकर सापडलंय, ताई.” त्या वाक्यावर आमचं घर दोन दिवस उभं राहिलं.

तिसऱ्या दिवशी एस.सी.सी.चा रिपोर्ट आला. ३.८ नॅनोग्रॅम. शेजारी संदर्भ मर्यादा छापलेली, १.५ पेक्षा कमी. आकडा ठळक, पुढे ‘एच’, म्हणजे हाय, जास्त. तेराशे रुपयांची तपासणी.

दिवसभर आकड्यांत बसणारी बाई मी. ३.८ भागिले १.५ हे मनात आपोआप झालं. अडीच पट. रात्री मुलगी झोपल्यावर शोधत बसले. या मार्करचा शोध १९७७ चा, जपानमधल्या काटो आणि टोरिगोए यांचा. त्यांनी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगातूनच हे प्रथिन वेगळं काढलं होतं. त्यानंतर त्यावर ढिगानं अभ्यास झाले. आकडा जास्त असलेल्या बायकांमध्ये गाठ मोठी असते, खोल गेलेली असते, लिम्फ नोडमध्ये पसरलेली असण्याची शक्यता जास्त, आजार उलटण्याचं प्रमाण जास्त, जगण्याचं कमी. प्रत्येक वाक्यात मला माझंच नाव दिसायला लागलं. पहाटे मिस्टर उठले, त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाले, “हे सगळं कागदावर लिही. उद्या सरांना विचारू.” मी वहीत प्रश्न लिहिले. ती वही पुढे प्रत्येक भेटीत माझ्या पर्समध्ये होती. बाकी काही नाही केलंत तरी वही करा, कारण केबिनमध्ये गेल्यावर डोकं रिकामं होतं आणि बाहेर आल्यावर सगळे प्रश्न आठवतात.

सरांच्या ओ.पी.डी.ला अडीच तास थांबलो. नंबर लागल्यावर मी सरळ विचारलं, “सर, या आकड्यावरून मी किती जगेन ते कळतं का?”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ते जे बोलले ते मी वहीत उतरवून घेतलं होतं, त्यावरूनच लिहितेय. ते म्हणाले, एकट्या या आकड्यावरून नाही. पहिल्या टप्प्यात बाईचं पुढचं आयुष्य सगळ्यात जास्त ठरवतात ते लिम्फ नोड. ते कोरे असतील तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात जातं. त्यांत आजार पसरला असेल तर ते बरंच खाली येतं. नोडच्या पाठोपाठ गाठीचा आकार, ती किती खोल गेली, बारीक रक्तवाहिन्या-लसिकावाहिन्यांत शिरली का, हे बघायचं. मार्कर वाढतो तो बहुतेक वेळा याच गोष्टींमुळे. म्हणून अभ्यासात आकडा आणि जगणं यांचा संबंध दिसतो. पण बाकीच्या सगळ्या गोष्टी हिशेबात धरल्यावर आकड्याचं स्वतःचं असं वजन किती उरतं, यावर पहिल्या टप्प्याच्या बाबतीत तज्ज्ञांचं एकमत नाही. नोड कोरे असूनही आधीचा आकडा जास्त असलेल्या बायकांमध्ये आजार जास्त वेळा उलटला, असा एक अभ्यास १९९६ चा आहे. पुढच्या काही अभ्यासांत हा संबंध तितका ठाम दिसला नाही.

“मग ही तपासणी केलीच कशाला?” मिस्टरांनी विचारलं.

“दोन कामांसाठी,” सर म्हणाले. पहिलं काम आत्ताचं. नेदरलँड्समधल्या बायकांचा २००५ चा एक अभ्यास त्यांनी सांगितला. चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी. ऑपरेशनआधी एस.सी.सी. नॉर्मल असलेल्यांपैकी १६ टक्के बायकांना ऑपरेशननंतर रेडिएशन लागेल असं निघालं, आणि आकडा वाढलेला होता त्यांच्यापैकी ५७ टक्के बायकांना. ऑपरेशन आणि वर रेडिएशन असं दोन्ही झालं की लघवी, आतडी, पायांची सूज असे त्रास वाढतात. म्हणून आकडा जास्त असेल तर नोडकडे दुप्पट बारकाईनं बघायचं. नोडमध्ये आजार आहे असं आधीच कळलं तर ऑपरेशनच्या वाटेला न जाता थेट केमो-रेडिएशन दिलेलं बरं.

दुसरं काम पुढच्या पाच वर्षांचं. आम्ही आमच्या पतसंस्थेत एप्रिलला वही उघडताना आरंभीची शिल्लक लिहितो, तसा ३.८ हा माझा आरंभीचा आकडा. तो ऑपरेशनच्या आधी घेऊन ठेवला म्हणूनच नंतरच्या आकड्यांना अर्थ येणार होता. ज्यांचा मार्कर आधीपासूनच नॉर्मल असतो त्यांच्या बाबतीत पुढे तो तितका बोलका राहत नाही.

मी वहीत ५७ लिहिलं आणि खाली १०० वजा ५७ करून ४३ लिहिलं. त्या ४३ च्या भोवती गोल केला. त्या गोलावर मी पुढचे दोन महिने काढले.

त्यांच्या ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, माझी केस ठेवली. रेडिऑलॉजिस्टनी एम.आर.आय. परत बघितला, या वेळी फक्त नोडसाठी. संशयास्पद काही नाही. ठरलं ते असं: ऑपरेशन करायचं, टेबलावरच नोड काढून ताबडतोब तपासायला द्यायचे, त्यांत आजार दिसला तर पिशवी न काढता थांबायचं आणि केमो-रेडिएशनकडे जायचं. सही करताना हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना हा प्रश्न विचारा: नोडमध्ये सापडलं तर तुम्ही टेबलावर काय करणार?

लगेच ऑपरेशन होऊ शकलं नाही, कारण हिमोग्लोबिन ८.९ होतं. शिरेतून लोहाची इंजेक्शनं सुरू झाली. मधल्या काळात बायॉप्सीची फेरतपासणी मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात करून घ्यायचं ठरलं. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मिळवायला साधा अर्ज लागतो, आधारची झेरॉक्स लागते. ब्लॉक उन्हात ठेवायचा नाही, वितळतो. मिस्टर नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेसनं गेले. दादरला उतरून टॅक्सी केली, काम उरकून रात्री परत. आठवडाभरानं तिथलंही मत तेच आलं. गणपती त्या वर्षी ७ सप्टेंबरला बसले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. नैवेद्याचं सगळं जावेनं केलं, मी फक्त आरतीला उभी राहिले.

आता योजनेचं. आमचं रेशनकार्ड केशरी. माझं लग्नात नाव बदललेलं. रेशनकार्डावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं पहिलं नाव आणि नवऱ्याचं आडनाव. आरोग्यमित्राच्या खिडकीत बसलेला मुलगा शांतपणे म्हणाला, “काकू, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र आणा, मग मी पुढे पाठवतो.” सी.बी.एस.जवळ जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाहेर शंभराच्या स्टॅम्पवर ते करून घेतलं. लग्नाचा दाखला जोडला. अर्धा दिवस गेला, पण काम झालं. ज्यांची नावं अशी जुळत नाहीत त्यांनी हे बायॉप्सीचा रिपोर्ट येण्याची वाट न बघता आधीच करून ठेवावं. रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर हवा, कार्डावर नसेल तर रेशन दुकानदाराकडे मिळतो. बायॉप्सी, एम.आर.आय. आणि सरांची चिठ्ठी अपलोड झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरी आली. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि घरी सोडल्यावर दहा दिवसांची औषधं आणि तपासणीही पॅकेजातच धरलेली असते, हे विचारून घ्या. अडलं तर १५५३८८ वर फोन लागतो. भरती होण्याआधी बाहेर केलेल्या तपासण्यांचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत. तोवर आमचे पंचवीस हजारांच्या वर गेले होते.

सरांना मी दुर्बिणीच्या ऑपरेशनचं विचारलं होतं. आमच्या मॅनेजर मॅडमचं गर्भपिशवीचं ऑपरेशन तसं झालं होतं आणि त्या आठव्या दिवशी कामावर आल्या होत्या. त्यांची पिशवी गाठींमुळे काढली होती, कर्करोगामुळे नाही. या कर्करोगात २०१८ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोट उघडून केलेल्या ऑपरेशनच्या गटात ९६.५ टक्के होत्या, दुर्बिणीच्या गटात ८६. हे ऐकल्यावर मी पुन्हा छोट्या छेदाचं नाव काढलं नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, ऑपरेशन झालं. चार तासांच्या वर चाललं. रक्ताच्या पिशव्यांच्या बदल्यात रक्तदाते लागतात, ते आमच्या पतसंस्थेतले दोन पोरगे होते. शुद्धीवर येताना नणंदेचा आवाज ऐकला, “वहिनी, पिशवी काढली.” तिनं मुद्दाम हेच शब्द वापरले. पिशवी काढली म्हणजे टेबलावर तपासलेले नोड कोरे होते. मी रडले, टाके दुखले, तरी रडले.

त्यानंतरचं कुणी फारसं सांगत नाही म्हणून सांगते. या ऑपरेशनमध्ये मूत्राशयाच्या नसांना धक्का बसतो. लघवीची नळी ठेवूनच घरी सोडतात. मला दोन आठवडे होती. परकराची नाडी टाक्यांवर येते, गाऊनच घाला. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच लटकली पाहिजे, रात्री कॉटच्या दांडीला बांधा. नळी काढल्यावर लघवी लागल्याची जाणीव लवकर येत नाही. घड्याळ लावून दर तीन तासांनी जायचं, पोट हातानं दाबायचं नाही. मला पूर्ववत व्हायला तीन महिने लागले. पायांना जड वाटतं ते अजूनही अधूनमधून वाटतं. दुपारी उशीवर पाय ठेवून पडते.

सविस्तर रिपोर्टसाठी थांबणं फार कठीण गेलं. रोज फोन, रोज “अजून आला नाही”. २८ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दुपारी, आला. नोड बावीस, सगळे कोरे. काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या. वाहिन्यांत शिरकाव नाही. गाठीची खोली मधल्या थरापर्यंत. सरांनी गाठीचा आकार, खोली आणि वाहिन्या या तिन्हींचं कोष्टक काढून दाखवलं आणि म्हणाले, रेडिएशन लागत नाही. मी त्या ४३ मध्ये निघाले.

पण ३.८ माझ्या डोक्यातून जाईना. नोड कोरे असूनही आजार उलटण्याबद्दल १९९६ चा तो अभ्यास जे सांगतो, ते माझ्याच गटाबद्दल होतं ना? मी विचारलं, “सर, आकडा जास्त होता म्हणून खबरदारी म्हणून रेडिएशन देता येईल?” ते म्हणाले, केवळ मार्करवरून रेडिएशन देण्याची पद्धत नाही, त्यातून जास्त बायका वाचतात असं सिद्ध झालेलं नाही, त्रास मात्र नक्की होतो. भीती वाटते हे त्यांनी नाकारलं नाही. तेवढ्यानं मला बरं वाटलं.

नोव्हेंबरच्या मध्याला पहिला एस.सी.सी. झाला. ०.८. हे प्रथिन रक्तातून काही तासांतच कमी व्हायला लागतं, गाठ पूर्ण निघाली असेल तर आकडा लवकर खाली यायला हवा, आणि तो आला होता. फेब्रुवारीत ०.९.

मे २०२५ मध्ये २.१ आला.

पतसंस्थेत लंच टाइमला मेल उघडला होता. समोरचा डबा तसाच झाकून ठेवला. आजार उलटल्याचं कधीकधी तपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसण्याच्या काही महिने आधी या मार्करवर दिसतं, हे मी वाचलेलं होतं. सरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. आतून तपासलं, मांडीच्या सांध्यात, गळ्यात नोड बघितले. काही नाही. मग रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी आधी लॅबचं नाव वाचलं. रुग्णालयाचा लॅबशी असलेला करार बदलला होता, त्यामुळे माझं रक्त या वेळी दुसऱ्या लॅबला गेलं होतं. पद्धत वेगळी, यंत्र वेगळं, आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. हे मला तिथल्या कुणी रक्त घेताना सांगितलं नव्हतं, आणि याचा मला राग आहे. दुसरं, माझ्या दोन्ही हातांना त्या उन्हाळ्यात इसब उठलं होतं. हे प्रथिन निरोगी कातडीतही असतं. इसब, सोरायसिस, किडनीचा आजार, फुप्फुसाचे काही आजार यांतही आकडा वाढतो. नमुन्यात घाम किंवा थुंकी मिसळली तरीही वाढतो, म्हणून रक्त घेणाऱ्यानं हातमोजे घालायलाच हवेत. मी आता उभी राहून बघते, आणि नसतील तर “दादा, हातमोजे घाला” असं सांगते.

क्रिएटिनिन नॉर्मल आलं. सरांनी घाईनं स्कॅन सांगितला नाही. कातडीवर उपचार आणि महिन्यानं जुन्याच लॅबमध्ये तपासणी. तो महिना मी कसा काढला ते लिहीत नाही. मुलीच्या दहावीची पुस्तकं आणायला अशोक स्तंभाकडे गेले होते आणि पुस्तकं गाडीवरच विसरून घरी आले, एवढं सांगते. जूनमध्ये ०.९ आला. आधीचा आकडा लॅबमुळे चढला होता की इसबामुळे, ते सरांनाही सांगता आलं नाही. तेव्हापासून माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता चिकटवलाय: तारीख, आकडा, लॅब, त्या दिवशी अंगावर काही उठलं होतं का, सर्दी-खोकला होता का. सर आल्या आल्या तो तक्ताच मागतात.

एक गोष्ट मला इतर बायकांना आवर्जून सांगायची आहे. मार्कर नॉर्मल आला म्हणून आतली तपासणी चुकवू नका. मार्कर न वाढताही आजार उलटू शकतो. आणि मधे रक्तस्राव, एका पायाला सूज, कंबरदुखी, वजन उतरणं असं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघत बसायचं नाही. पहिली दोन वर्षं मला दर तीन-चार महिन्यांनी जायचंय, मग पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी.

मुलीला एच.पी.व्ही. विरुद्धची, सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस दिली. ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात. ती त्या वयाच्या टोकावर होती, म्हणून वेळ घालवला नाही. नणंदेच्या केंद्रावरही आता माझ्या ओळखीच्या तीन बायका तपासून आल्या.

ऑक्टोबर २०२५ च्या तपासणीत आकडा १.० होता. पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. वहीत प्रश्न लिहून ठेवलाय: मार्करवरून आजार लवकर पकडला तर बाई जास्त जगते हे अजून सिद्ध झालेलं नाही आणि सगळे डॉक्टर तो नेमानं करत नाहीत, तर दोन वर्षं झाल्यावर माझ्या बाबतीत तो चालू ठेवायचा की फक्त त्रास झाला तरच करायचा? सर काय म्हणतात ते इथेच खाली लिहीन.